खिडकी फिरते, नातसूनबाई

तू पुण्याहून आणलेल्या कॅलेथियाची पानं कडांनी करपली आणि तू तिला दिवसातून दोनदा पाणी घालतेस, असं काल नातवानं फोनवर सांगितलं. पहिली गोष्ट, ते पाणी आजपासून बंद. दुसरी, रोप गेलंच तर जाऊ दे, जिवाला लावून घेऊ नकोस. मी या घरात लग्न होऊन आले त्याला पन्नासाहून जास्त वर्षं झाली. माझ्या हातून गेलेली रोपं मांडायची म्हटली तर उज्जैनच्या दौलतगंजातला हा आख्खा ओटा पुरायचा नाही. तिसरी गोष्ट जरा लांबलचक आहे, म्हणून वहीची पानं फाडून पाठवते. तोंडानं सांगितलं की तुम्ही मुलं ‘हो आजी, हो आजी’ म्हणता आणि मग मोबाइलमध्ये बघून वेगळंच काहीतरी करता.

आधी पुणं विसर. तिथे मे महिन्यातसुद्धा संध्याकाळी पश्चिमेचा गार वारा सुटतो. माळव्यात मे म्हणजे लू. दुपारी पारा ४२-४४ वर, आणि हवेतला ओलावा बरेचदा २० टक्क्यांच्या खाली. गच्चीवर वाळत घातलेली साडी दहा मिनिटांत कडक होते, तिथे त्या कागदासारख्या तलम पानाचं काय होत असेल? कॅलेथिया मूळची ब्राझीलकडच्या रानातली, मोठ्या झाडांच्या पायाशी ओल्या सावलीत वाढणारी. इथे पानातून पाणी इतक्या झपाट्यानं उडतं की मुळांना तेवढं वर चढवणं जमत नाही. पानाची कड सगळ्यात लांब, म्हणून ती आधी जळते. तू घाबरून आणखी पाणी ओतलंस की मातीतली हवा जाते, मुळं गुदमरतात आणि कुजतात. मग वरून रोप तहानलेलं आणि खालून बुडालेलं. माझी पहिली कॅलेथिया अशीच गेली. कुंडी उपडी केली तर कुजक्या कोबीसारखा वास, आणि मुळांवर बोट फिरवलं तर साल सुटून नुसती दोरी हातात.

तू म्हणशील, नर्सरीत तर किती टवटवीत होती! असणारच. ही पानांची झाडं बरीचशी आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियममधून ट्रक भरभरून देशभर जातात. गोदावरीच्या खालच्या अंगाची ती दमट हवा, वर हिरवी जाळी, दिवसातून दोनदा पाणी. तिथून निघालेलं रोप प्रवासात अंधारात राहतं आणि मग एकदम तुमच्या देवास रोडच्या चौथ्या मजल्यावर येऊन पडतं. दोन-चार पानं गाळणारच ते. नव्या नवरीला पहिले पंधरा दिवस सासरचं जेवण जात नाही, तसंच. तेवढे दिवस खत नको, कुंडी बदलणं नको, रोज उचलून इकडून तिकडे ठेवणं तर मुळीच नको. एक मात्र कर. त्या ट्रकमधल्या रोपांच्या मुळांभोवती चिकट लाल मातीचा गोळा असतो. तो सुकला की विटेसारखा होतो. वरून घातलेलं पाणी कडेनं वाहून जातं आणि गोळा आत कोरडाच राहतो. असा गोळा असेल तर कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत बसव, बुडबुडे थांबले की काढ. कुंडी बदलायची वेळ आली की ती माती सावकाश सोडवून टाक. ती वेळ कधी येते ते पुढे सांगते.

पाण्याचं नंतर. माझ्या मते दहातली सात रोपं उजेडामुळे जातात आणि नाव पाण्याचं होतं.

आधी ऊन कसं सरकतं ते सांगते. माझे वडील आम्हा भावंडांना दर २१ जूनला जयसिंगपुऱ्यातल्या वेधशाळेत न्यायचे. सवाई जयसिंगानं अठराव्या शतकात बांधलेली आणि १९२३ साली माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवलेली ती वेधशाळा तू अजून पाहिली नसशील. नातवाला सांग, तुला तिथे घेऊन जायला. तिथे शंकुयंत्र आहे. गोल ओट्याच्या मधोमध एक उभी काठी आणि ओट्यावर आखलेल्या रेषा. २१ जूनला घड्याळात १२ वाजून २८ मिनिटांच्या सुमारास त्या काठीची सावली नाहीशी होते. उज्जैन कर्कवृत्ताला अगदी खेटून आहे, कर्करेषा इथून जवळच महिदपूरकडच्या डोंगल्यावरून जाते, म्हणून त्या दिवशी सूर्य थेट डोक्यावर येतो. २२ डिसेंबरला तीच सावली वर्षातली सगळ्यात लांब. मार्च आणि सप्टेंबरात, दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, सावलीचं टोक दिवसभर एका सरळ रेषेवरून चालतं. आम्हाला त्यात मजा वाटायची ती फक्त काठीची सावली हरवण्याची, आणि येताना मिळणाऱ्या जलेबीची.

लग्नानंतर हे मी ह्यांना सांगितलं, तर ह्यांनी आमच्या माडीवरच्या दक्षिणेच्या खिडकीलाच शंकुयंत्र केलं. त्या खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून ७ फुटांवर आहे आणि छज्जा जवळपास नाहीच. वर्षातून तीनदा भर दुपारी ऊन फरशीवर कुठवर येतं तिथे ह्यांनी पिवळ्या ऑइलपेंटनं रेघ मारली. डिसेंबरची रेघ खिडकीपासून सव्वासात फूट आत, मार्चची तीन फुटांवर. जूनची रेघ मारताच आली नाही, कारण ऊन आत आलंच नाही; डोक्यावरचा सूर्य उभ्या खिडकीतून डोकावणार कसा? सासूबाई फरशी खराब केली म्हणून चिडल्या होत्या. पण माझी झाडं त्या रेघांवर जगली. तू आलीस की बघ, एक रेघ पलंगाखाली अजून शाबूत आहे.

म्हणजे झालं काय, की खिडकी होती तिथेच राहिली आणि ऊन मात्र सात फूट पुढे-मागे झालं. डिसेंबरात खिडकीपासून पाच फुटांवर आरामात बसलेलं डिफेनबेकिया जूनमध्ये त्याच जागी उपाशी राहतं. आणि उत्तरेच्या ज्या खिडकीला थंडीभर सूर्याचं दर्शन नसतं, तिला जूनमध्ये सकाळी लवकर आणि दिवस मावळताना तिरपं ऊन लागतं, कारण तेव्हा सूर्य पुष्कळ उत्तरेला उगवतो आणि उत्तरेलाच मावळतो. मोबाइलमध्ये लिहिलेलं असतं, ‘उत्तरेची खिडकी, कमी उजेड’. ते लिहिणारा कर्करेषेवर राहत नसावा.

तुमच्या फ्लॅटला दक्षिण नाहीच, ते बरं. पूर्वेची स्वयंपाकघरातली खिडकी ही तुझी सोन्याची खाण. सकाळचं कोवळं ऊन बहुतेक सगळ्यांना मानवतं, तिथे फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, अग्लोनिमा ठेव. फक्त गॅसच्या वाफेत आणि फोडणीच्या धुरात नको. बैठकीची उत्तरेची खिडकी कॅलेथियाला आणि पीस लिलीला. पश्चिमेची गॅलरी आहे ना, तिथे मार्च ते जून काहीही ठेवू नकोस. नुसतं ऊन नाही, ती भिंत दिवसभर तापते आणि रात्री अकरापर्यंत भट्टीसारखी धग फेकत राहते. माळव्याच्या रात्री गार म्हणून नावाजलेल्या, शब-ए-मालवा म्हणतात ना, तो गारवा सिमेंटच्या पश्चिम भिंतीपर्यंत पोचत नाही. तिथे भैरवगढच्या छाप्याची जाड चादर पडद्यासारखी लाव. माझ्याकडे जुनी आहे, देईन.

उजेड मोजायला यंत्र नको. दुपारी साडेबाराला (बाराला नाही, उज्जैनची खरी दुपार घड्याळाच्या मागून येते) रोपाच्या जागी पांढरा कागद ठेव आणि त्याच्यावर वीतभर उंच हात धर. बोटं मोजता येतील अशी ठसठशीत सावली पडली तर तो कडक उजेड, तिथे क्रोटन आणि रबर. कडा विरघळलेली, पण हात आहे हे कळणारी सावली, ती बहुतेक पानांच्या झाडांची जागा. सावली दिसतच नसेल तर तिथे झाड नको, गणपतीचा फोटो लाव. स्नेक प्लांट आणि झी झी तिथे ‘जगतात’ असं नर्सरीवाला म्हणेल. ते जगत नाहीत, सावकाश मरतात. झी झीच्या मुळाशी बटाट्यासारखे कंद असतात, त्यातलं साठवलेलं खात बसते बिचारी. दीड-दोन वर्षांनी संपलं की तुला वाटतं, अचानक काय झालं.

आता ओलावा. तू जो फवारा मारतेस त्यानं पाच-दहा मिनिटांपुरतं पान ओलं होतं, वर आपल्या बोअरिंगच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके राहतात. कुंडीखाली खडे-पाणी घातलेली थाळी ठेवायला सांगतात, ती मीही ठेवून पाहिली. लूपुढे थाळी काय करणार. उज्जैनमध्ये या झाडांचा खरा सोबती म्हणजे कूलर. ज्या खोलीत कूलर चालतो त्या खोलीत पावसाळ्यासारखी हवा होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गवताच्या जाळ्या बदलल्या की माझी सगळी नाजूक मंडळी मधल्या खोलीत गोळा होतात, एकमेकांना खेटून. खेटून ठेवल्यानं प्रत्येकाच्या पानातून सुटलेला ओलावा शेजाऱ्याला मिळतो. पण कूलरच्या थेट झोतात नको. सतत फडफडणारं पान फाटतं. दोन-तीन हात बाजूला, कोपऱ्यात.

कूलरबद्दल आणखी एक, आणि ही चूक इथे घरोघरी होते. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी ‘वाया कशाला घालवा’ म्हणून कुंड्यांत ओततात. जाळीवर पांढरा थर जमतो तो पाहिलास? पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत मागे राहतात, रोज थोडे थोडे घट्ट होत जातात. ते पाणी घातलं की पानांची टोकं तपकिरी होतात आणि कुंडीच्या काठावर मिठासारखी कड येते. आरओच्या मशीनमधून बाहेर जाणारं पाणीही तसलंच. ते दोन्ही फरशी पुसायला वापर. एसीच्या नळीतून ठिबकतं ते मात्र साठव, ते हवेतल्या वाफेचं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. अर्थात मे महिन्यात ते वाटीभर मिळायची मारामार आणि नको असतं तेव्हा, श्रावणात, बादली भरते. सगळ्यात उत्तम पावसाचं. पहिल्या दोन पावसांत गच्ची धुऊन निघू दे, तिसऱ्या पावसाचं पाणी पिंपात भरून झाकून ठेव. नळाचं पाणी घालायचं तर रात्री बादलीत भरून ठेवून सकाळी घाल, क्लोरीनचा वास उडून जातो.

किती पाणी, कधी, हे मला विचारू नकोस, बोटाला विचार. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाल. ओलं लागलं तर परत फीर. कोरडं लागलं तर खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरपूर घाल आणि ताटलीत साठलेलं ओतून टाक. रोज घोटभर घालण्यासारखं वाईट काही नाही. वरचा थर ओला राहतो, बारीक चिलटं होतात आणि खालची मुळं तहानलेली. लहान कुंडी असेल तर उचलून बघायची सवय लाव. पाणी घातल्यावर किती जड आणि कोरडी झाल्यावर किती हलकी हे हाताला आठवडाभरात कळतं, भाजीवाल्याला तराजू न लावता पावशेर कळतो तसं. स्नेक प्लांट आणि झी झीची माती तळापर्यंत सुकल्याशिवाय त्यांच्याकडे वळूनही पाहू नकोस.

आणि माती. तुझ्या सासऱ्यांनी शेतावरून काळ्या मातीचं पोतं आणून ठेवलंय, ‘माळव्याची माती, सोनं आहे’ म्हणून. आहेच सोनं, गव्हाला आणि सोयाबीनला. कुंडीत नाही. ही माती ओली झाली की फुगते आणि चिखलाचा गोळा होतो, सुकली की आकसते. शेतात उन्हाळ्यात मनगट जाईल अशा भेगा पडतात त्या बघ. कुंडीत तशाच भेगा पडल्या की बारीक मुळं ताणून तुटतात. त्यांना वाईट वाटेल म्हणून सांगू नकोस, ते पोतं माझ्याकडे पाठव, तुळशीच्या वाफ्याला घालेन.

तुझ्या झाडांना दोन भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि एक भाग काहीतरी भरड: विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे, लाकडी कोळशाचे तुकडे किंवा पर्लाइट. मी नारळाची शेंडी वापरते. देवळांच्या गावात नारळाला काय तोटा! शेंडी कात्रीनं बोटाच्या पेराएवढी कापायची, दोन-तीन दिवस पाण्यात ठेवायची, रोज पाणी बदलायचं म्हणजे तिच्यातला खार आणि लाल रंग निघून जातो. देवघरातलं निर्माल्य आणि सुकी पानं माठात कुजवून त्याचंही खत होतं. पण त्यात दोऱ्याचे हार आणि प्लास्टिकचं जरीकाम जाऊ देऊ नकोस, आणि ते पूर्ण काळं, मातीच्या वासाचं झाल्याशिवाय घरात आणू नकोस. मोहरीची पेंड भिजवून घालणारे असतात. घरात घातलीस तर नातू घर सोडून जाईल.

कुंडी मातीची की प्लास्टिकची यावर भांडणारे भांडोत. मातीची माठासारखी पाझरते. मे महिन्यात त्यातलं पाणी रोज संपतं, पावसाळ्यात मुळं कुजत नाहीत. पाणी घालायचा हात सैल असेल त्यानं मातीची घ्यावी. तू मातीचीच घे.

आता ती कुंडी बदलायची वेळ. तू पुण्याची, आपली पंचांगं अमावास्येला संपणारे महिने मोजतात. इथल्या शेजाऱ्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो आणि आपला त्यांच्यानंतर पंधरा दिवस चालू राहतो. महाकालाची सवारी दर सोमवारी निघते ती सावन संपल्यावर त्यांच्या भादव्यातही दोन आठवडे निघते. शिंद्यांच्या काळापासून मराठी श्रावणाचा मान राखला गेला तो असा, असं इथे सगळे सांगतात. माझ्या सासूबाईंनी त्यावरून एक हिशेब बसवला होता: दोन्ही श्रावण मिळून दीड महिना, त्या दीड महिन्यात माळवा ब्राझील होतो. लू गेलेली, हवा ओली, ऊन ढगातून गाळून आलेलं. कुंडी बदलणं, मुळं मोकळी करणं, फांद्या छाटणं, छाट लावणं, खत देणं, सगळं तेव्हाच. पहिल्या सवारीपासून शेवटच्या सवारीपर्यंत.

छाट घेताना पानाच्या देठाखाली गाठ असते, ती आलीच पाहिजे. गाठ नसलेलं पान पाण्यात महिनाभर हिरवं राहून तुला फसवतं. मनीप्लांट चोरून आणलेलाच लागतो म्हणतात ना, त्याचं कारण मला वाटतं एवढंच, की चोरणारा घाईत लांब फांदी ओढतो आणि तिला चार गाठी येतात. छाट लावून झाली की वर पारदर्शक पिशवी उलटी घाल, दिवसातून एकदा काढून वारा दे. ही युक्ती काही माझी नाही. लंडनचा नॅथनिएल वॉर्ड नावाचा डॉक्टर, १८२९ च्या सुमारास त्यानं बंद बरणीत किड्याचा कोश ठेवला होता, तर बरणीतल्या मातीत आपोआप नेचा उगवला. त्यावरून त्यानं काचेच्या पेट्या केल्या आणि त्या पेट्यांतून साता समुद्रांपलीकडची झाडं जिवंत प्रवास करू लागली. तुझ्या उलट्या पिशवीतही तेच घडतं.

खत याच दिवसांत, पंधरा दिवसांतून एकदा. १९:१९:१९ ची पूड मिळते, लिटरला एक ग्रॅम, त्याहून जास्त नाही. माती ओली असतानाच द्यायचं. केळ्याची सालं, अंड्याची टरफलं, साखरेचा चहा हे सगळे प्रयोग घरात मुंग्या आणतात, बाकी काही नाही.

एक नातं तुझ्या लक्षात आलंय का? मनीप्लांट, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, अग्लोनिमा, डिफेनबेकिया, पीस लिली, झी झी, ही सगळी आपल्या अळवाची भावंडं. एकाच कुळातली. अळूची भाजी कच्ची राहिली की घसा का खवखवतो? त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या सुयांसारखे स्फटिक असतात, म्हणून तर आपण चिंच घालतो, नीट शिजवतो. या भावंडांच्या अंगातही त्याच सुया, आणि डिफेनबेकियात तर इतक्या की चावणाऱ्याची जीभ सुजून बोलता येत नाही. तुमच्या शेजारचं रांगतं बाळ दिवसभर तुमच्याकडे असतं. डिफेनबेकिया उंच फळीवर, छाटताना हातात मोजे, आणि त्या हातानं डोळा चोळायचा नाही. अळूवड्या करणाऱ्या बाईला हे शिकवावं लागू नये, पण छान दिसणाऱ्या झाडाबद्दल आपण बेसावध राहतो.

कूळ कळलं की सवयही कळते. यांतले वेल झाडावर चढणारे आहेत. मनीप्लांट बाटलीतून खाली लोंबत ठेवला की पान बोटभर राहतं. तोच निंबावर चढू दिला की पान सुपाएवढं होतं आणि त्याला चिराही पडतात. घरात शेवाळाची किंवा काथ्याची काठी रोव, काठी ओली ठेव, वेल सैल सुतळीनं बांध. चढणाऱ्याला चढू दे, मग दर नवं पान आधीच्याहून मोठं येईल.

धूळ हा सध्याचा मोठा शत्रू. २०२८ च्या सिंहस्थासाठी जिकडे तिकडे रस्ते खणलेत. आठवड्यात पानावर बोटानं नाव लिहिता येतं. ओल्या मऊ फडक्यानं पान खालून हाताचा आधार देऊन पूस. दूध, खोबरेल, चकाकीचे फवारे काही नको. पुसताना पानाची खालची बाजू बघायची, खरं काम ते. कोरड्या दिवसांत तिथे लाल कोळी होतो, इतका बारीक की धूळच वाटते; पान निस्तेज, टाचणीनं टोचल्यासारखं. पानाखाली कागद धरून टिचकी मार, ठिपके चालायला लागले तर कोळी. रोप न्हाणीघरात नेऊन पानांची खालची बाजू जोरात धुवायची, तीन-तीन दिवसांनी, तीन वेळा. पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर कानातली काडी सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपायचा. मग संध्याकाळी लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब. नवं रोप आणलंस की पंधरा दिवस वेगळ्या खोलीत. मी एकदा लग्नात मिळालेलं क्रोटन कौतुकानं मधोमध ठेवलं आणि महिन्याभरात सात कुंड्यांना पिठ्या लागला.

थंडीबद्दल थोडक्यात. दिवाळीनंतर पाणी अर्ध्यावर, खत बंद, कुंडी बदलणं बंद. पौषात इथे रात्री पारा आठ-नऊवर येतो, एखाद्या रात्री त्याहूनही खाली. काचेला टेकलेलं पान काळं पडतं, म्हणून रात्री खिडकीपासून हातभर आत. सकाळी कोमट केलेलं पाणी. बस. पान नवं येत नाही म्हणून काळजी नको, झोपलंय ते.

तुम्ही मुंबईला पंधरा दिवस जाणार ना? इथे वैशाख-ज्येष्ठात महाकालावर मातीच्या अकरा मटक्यांची गलंतिका बांधतात, थेंबथेंब धार अखंड. ते बघून मीही एकदा कुंडीवर भोकाची लोटी टांगली होती. महादेवाला संततधार चालते, फिलोडेंड्रॉनला नाही. परत आले तर सगळा चिखल. त्यापेक्षा समईसारखी सुती जाड वात कर. एक टोक पाण्याच्या बादलीत, दुसरं कुंडीच्या मातीत चार बोटं खोल, बादली कुंडीपेक्षा किंचित उंच. मातीला हवं तेवढंच ती ओढते. आधी चार दिवस घरी असताना करून बघ. सगळ्या कुंड्या उत्तरेच्या खोलीत, पडदा अर्धा.

नातू म्हणतो, बेडरूममध्ये दहा झाडं ठेवू, हवा शुद्ध होते, नासानं सांगितलंय. नासानं १९८९ साली प्रयोग केले ते हवाबंद पेटीत. २०१९ मध्ये दोघा अभ्यासकांनी अशा सगळ्या प्रयोगांचा हिशेब मांडला, तर उघडी खिडकी जेवढी हवा बदलते तेवढं काम करायला चौरस मीटरमागे दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील असं निघालं. पलंग कुठे ठेवणार? त्याला म्हणावं, खिडकी उघड, आणि झाड आवडतं म्हणून ठेव.

तुझी कॅलेथिया मला वाटतं वाचेल. जळलेल्या कडा कात्रीनं पानाच्या आकारात कापून टाक, देठ पिवळा झालेली पानं पूर्ण काढ, आणि तिला कूलरच्या खोलीत कोपऱ्यात ठेवून आठवडाभर विसर. पण त्यासोबत तुला घरात एक असं झाड हवं जे चार वेळा चुकलीस तरी रागावणार नाही. माझं रबराचं झाड सासूबाईंच्या वेळचं आहे. हे काही परदेशी नव्हे, आपल्या ईशान्येकडचं. मेघालयात खासी लोक याचीच मुळं ओढ्यावरून वळवून जिवंत पूल करतात. त्याच्या एका फांदीवर यंदा तुझ्यासाठी गुटी बांधते. शेजाऱ्यांचा सावन लागला की सालीचं बोटभर कडं काढीन, चीक पुसून ओलं शेवाळ लावीन आणि प्लास्टिक गुंडाळीन. शेवटच्या सवारीपर्यंत आतून पांढरी मुळं दिसायला हवीत. मग दोघं या, येताना दहा इंची मातीची कुंडी आणा. सोमवारी मात्र येऊ नका, गोपाळ मंदिराकडचे सगळे रस्ते दुपारपासून बंद असतात.